काशाचे कडे

मोटारीच्या असंख्य भागांपैकी जे सामान्य माणसाला नावानिशी ठाऊक असतात, ते एक तर डोळ्यांना दिसतात, नाही तर खिशाला जाणवतात. पायलट बेअरिंग हा भाग या दोहोंतही मोडत नाही. साध्या रूपात ते एक काशाचे कडे असते; करंगळीत सहज घालता येईल एवढे, तांबूस-पिवळे, आणि किमतीला इतके हलके की, गिअरबॉक्स बदलण्याच्या खर्चाच्या यादीत ते लिहायचेही कित्येकदा राहून जाते. आमच्याकडचे मिस्त्री त्याला ‘पायलट बुश’ म्हणतात. एका धर्मगुरूने अशा कड्यावर लेखणी का झिजवावी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडेल. त्याचे उत्तर ओघात येईलच. आधी त्या कड्याची ओळख करून घेऊ.

इंजिनात निर्माण होणारी शक्ती क्रँकशाफ्टच्या मागल्या टोकाला जडवलेल्या फ्लायव्हीलपर्यंत येते. तिथून गिअरबॉक्सकडे तिला न्यायचे ते क्लच प्लेटच्या द्वारे. ही प्लेट ज्या दांड्यावर बसते तो क्लच शाफ्ट. मागल्या बाजूला गिअरबॉक्सच्या भिंतीतील मोठ्या बेअरिंगने त्याला घट्ट धरलेले असते. पुढे मात्र तो वीतभर लांब आणि अधांतरी असतो. भिंतीत एका टोकाने रोवलेली काठी दुसऱ्या टोकाला डुलणारच. ती डुलू नये म्हणून क्रँकशाफ्टच्या मागल्या टोकाच्या ऐन मध्यावर एक भोक ठेवलेले असते, त्या भोकात हे कडे ठोकून बसवलेले असते आणि कड्याच्या पोटात शाफ्टचे बारीक नाक विसावते. हा आधार नसला तर क्लच प्लेट मध्यावर राहत नाही, गिअर नीट पडत नाहीत आणि काही महिन्यांत गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग व तेल अडवणारे सील या दोघांचाही बळी जातो.

या कड्याची आणखी एक गंमत आहे. क्लच लागलेला असताना इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. कडेही त्यांच्याबरोबर फिरते, पण त्याच्या अंगावर घर्षण म्हणून नसते. गाडी रेल्वे फाटकापाशी गिअरमध्ये उभी आहे आणि चालकाने पेडल दाबून धरले आहे, अशा वेळी मात्र शाफ्ट स्तब्ध असतो, क्रँक मिनिटाला शेकडो फेरे घेत असतो, आणि त्या दोघांच्या मध्ये हे एकटे कडे घासत असते. गाडी धावते तेव्हा ते विसावते, गाडी थांबते तेव्हा ते राबते. म्हणूनच जुने चालक फाटकापाशी गाडी न्यूट्रल करून पेडलवरून पाय काढून घेत. हल्लीची तरुण मंडळी पेडलवर पाय ठेवूनच गप्पा मारतात, असो.

मूळच्या इंजिनाला मूळचाच गिअरबॉक्स असेल, तर हे कडे दुकानातून आणावे आणि बसवावे, एवढेच काम. खरी कसोटी लागते ती परक्या गिअरबॉक्सशी सोयरीक जुळवताना. कड्याचा बाहेरचा घेर इंजिनाच्या मापाचा हवा आणि आतला गिअरबॉक्सच्या मापाचा. ज्या दोन यंत्रांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, अशा दोघांचे माप एकाच अंगावर वागवण्याचे हे काम आहे. अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून हाताचा गिअरबॉक्स बसवण्याचा छंद बराच रुजलेला आहे. तिथे तर कधी कधी भोकापासूनच सुरुवात असते. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो, म्हणून क्लच शाफ्टही नसतो. मग त्या शाफ्टच्या नाकासाठी भोक कोण नेमके करून ठेवणार? क्रायसलर कंपनीच्या ऑटोमॅटिकसाठी केलेल्या कित्येक जुन्या इंजिनांत ते भोक अर्धवटच सोडलेले आढळते. मग कोणी क्रँक उतरवून लेथवर चढवतो, कोणी टॉर्क कन्व्हर्टरच्या मोठ्या खोबणीत बसेल असे रुंद बेअरिंग शोधतो, तर कोणी शाफ्टचे नाकच थोडे कापतो. हा शेवटचा उपाय आम्हांला रुचत नाही, पण त्याने निभावून नेणारे आहेत.

आमचा या कड्याशी परिचय झाला तो १९९८ साली, म्हणजे वसई धर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. गुरुदीक्षेला फार दिवस झाले नव्हते आणि आमची नेमणूक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात एका मिशनवर होती. मिशनकडे तीन गिअरची एक जुनी पेट्रोल जीप होती. त्या जातीच्या जीपला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे. गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय पहिला गिअर टाकू गेले की, दात करकरत. बाजार, शाळेचे धान्य, पत्रे, सिमेंट हे सगळे ती वाही. पण तिचे मुख्य काम रात्रीचे. मिशनच्या दवाखान्यातील सिस्टर पाड्यापाड्यांवर फिरत आणि अडलेली बाई किंवा साप चावलेला माणूस यांना डांबरी रस्त्यापर्यंत व पुढे सरकारी इस्पितळापर्यंत न्यायला आसपासच्या गावांत दुसरे वाहन नव्हते. त्या एप्रिलमध्ये नदीच्या कोरड्या पात्रातून येताना एका दगडावर आपटून गिअरबॉक्सला तडा गेला.

तसाच दुसरा जुना गिअरबॉक्स मिळेना. अखेर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून चार गिअरचा, वेगळ्या घडणीचा, पण सुस्थितीतला एक गिअरबॉक्स आणला. तो बसवायला बोईसरचे एक मिस्त्री मिशनवर मुक्कामाला आले. वय साठीच्या घरात, बोलणे मोजके, आणि खिशात सदैव एक छोटे लोहचुंबक. नवा गिअरबॉक्स लांबीला जास्त, त्यामुळे पुढचा प्रोपेलर शाफ्ट वाढवावा लागला आणि मागचा कमी करावा लागला. मध्ये जोडपट्टी घालावी लागली. त्या सगळ्या खटपटीत पाच-सहा दिवस गेले. ते आम्ही इथे सांगत बसत नाही. मिस्त्रींचे खरे लक्ष या कशावर नव्हतेच.

जुना बुश क्रँकमधून काढतानाच आम्ही चकित झालो. भोक पलीकडून बंद असते, तेव्हा मागून ठोकता येत नाही; पुढून पकडावे तर धरायला जागा नाही. मिस्त्रींनी भोकात ग्रीस गच्च भरले, बुशाच्या छिद्रात घट्ट बसेल असा एक लोखंडी दांडा घातला आणि त्यावर हातोडी मारली. ग्रीसला पळायला वाट नव्हती, दाबले जाणे त्याच्या स्वभावात नव्हते. ते बुशाच्या मागे गेले आणि त्यालाच बाहेर ढकलू लागले. थोडे ग्रीस पुन्हा भरायचे, पुन्हा ठोकायचे. पाचव्या-सहाव्या घावाला बुश अलगद हातात आला. ग्रीस नसेल तर भिजवलेला पावही चालतो, असे मिस्त्री म्हणाले. सेमिनरीत आम्ही पास्कल वाचला तो तत्त्वचिंतक म्हणून. द्रवात दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो हा त्याचा सिद्धान्त शाळेत कधीतरी पाठ केला होता. त्या माणसाचे १६६२ साली अवघ्या ३९व्या वर्षी निधन झाले आणि त्याची ती चिंतने १६७० साली छापली गेली, हे आम्हांला परीक्षेपुरते ठाऊक होते. तो आम्हांला नीट भेटला मात्र त्या दिवशी, ग्रीसने माखलेल्या एका भोकात.

त्या जातीच्या इंजिनाचा तयार बुश मिस्त्रींनी सोबत आणला होता. बाहेरून तो बरोबर होता, पण नव्या शाफ्टचे नाक त्यात सैल पडत होते. तरी त्यांनी त्याच्यावरचा एक प्रयोग आम्हांला दाखवला. असे तयार बुश काशाची भुकटी दाबून व भाजून केलेले असतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म छिद्रे असतात आणि आकारमानाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके तेल त्यांत मुरते. मिस्त्रींनी बुशाचे एक तोंड अंगठ्याने बंद केले, आत इंजिनचे तेल ओतले आणि दुसऱ्या तोंडावर दुसरा अंगठा दाबला. पाहता पाहता कड्याच्या बाहेरच्या अंगावर घामासारखे तेलाचे थेंब फुटले. अशा बुशाला ग्रीस चोपडू नये, त्याची छिद्रे बुजतात. आणि लोहचुंबक कशासाठी, तर बाजारात काशाच्या रंगाचे पण लोखंडाची भुकटी मिसळलेले बुशही येतात. चुंबकाला चिकटला की तो परत करायचा, कारण कड्याने झिजायचे असते, शाफ्टने नव्हे. शाफ्टचे नाक झिजले तर गिअरबॉक्सच उकलावा लागतो.

तयार बुश उपयोगाचा नव्हता, म्हणून गनमेटलचा नवा बुश करून घेणे आले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरला लेथची दुकाने पुष्कळ. तिथून शुक्रवारी बुश आला. मिस्त्रींनी तो रात्रभर आमच्या स्वयंपाकघरातील फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, सुरमईच्या तुकड्यांशेजारी ठेवला, म्हणजे थंडीने आकसून तो भोकात सुखाने शिरेल. शनिवारी दुपारी त्यांनी भोक फडक्याने तीनतीनदा पुसले, बुश सरळ धरला, त्याच्या तोंडावर मापाचा दांडा ठेवला आणि हलक्या हाताने ठोकत ठोकत तो बसवला. हातोडी थेट बुशावर मारायची नाही, तोंड तिरके होऊ द्यायचे नाही, आणि तळ लागला की घावाचा आवाज बदलतो तो ओळखायचा, एवढी या कामाची सारी विद्या. ठण्‌ असा बारीक आवाज झाला. आम्हांला वाटले, झाले.

मिस्त्रींजवळ त्याच जातीच्या गिअरबॉक्सचा, दात तुटलेला एक जुना क्लच शाफ्ट होता. क्लच प्लेट मध्यावर धरायला त्याचाच उपयोग व्हायचा होता. त्याचे नाक त्यांनी बुशात घातले. ते गेले. त्यांनी शाफ्ट बोटांनी फिरवला. तो फिरला, पण जड. पुन्हा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेच. मग ते उकिडवे बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“टर्नरने नाक मोजलं, दाब मोजला नाही,” शेवटी ते म्हणाले.

गोष्ट अशी की, बुश भोकापेक्षा एक-दोन थाऊ मोठा ठेवतात, म्हणजे तो घट्ट बसतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. घट्ट बसताना बाहेरून दाब येतो आणि आतले छिद्र तेवढ्या मानाने आवळते. ते आवळणे हिशेबात धरून छिद्र आधीच थोडे मोठे ठेवावे लागते. इथे ते ठेवलेले नव्हते. जिथे तेलाच्या पापुद्र्याला जागा हवी, तिथे धातूला धातू भिडला होता.

आमचा चालक मनाचा सरळ आणि कष्टाळू माणूस. तो म्हणाला, “मिस्त्री, जातंय ना आत? मग पेटी चढवू आणि बोल्ट आवळून खेचू. चालता चालता घासून ते आपली जागा करील.”

“करील ना. पण बुशात करील की शाफ्टवर, ते आपल्याला दिसणार नाय.”

“मग पालिश पेपर काठीला गुंडाळून मारू दोन हात.”

“पेपरची रेती गनमेटलात रुतून बसते. मग तोच बुश शाफ्टला कानशीसारखा खातो.”

जागच्या जागी रीमर फिरवावा, तर भोक पलीकडून बंद, कीस आतच राहणार आणि छिद्र वाकडे जाण्याची भीती. बुश काढून थोडा खरवडावा, तर एकदा ठोकून काढलेल्या बुशाची पकड पहिल्यासारखी राहत नाही. म्हणजे नवाच करायचा. शनिवारची संध्याकाळ झाली होती, रविवारी टर्नरचे दुकान बंद. सोमवारशिवाय गत्यंतर नव्हते. मिस्त्री आमच्याकडे वळून म्हणाले, “फादर, गाडी तुमची आहे. तुम्ही सांगाल तर आता चढवतो, उद्या सांजेपर्यंत उभी करतो. पण पेटी एकदा चढली की आत काय आहे ते ना तुम्हाला दिसणार, ना मला.” आम्ही सोमवारपर्यंत थांबायचे ठरवले. मिस्त्रींनी त्याच ग्रीसने तो नवाकोरा बुश बाहेर काढला.

रविवारी रात्री अकराच्या सुमारास वरच्या पाड्यावरून दोन माणसे आली. बाईला पहाटेपासून कळा होत्या, मूल आडवे होते. सिस्टर लगोलग निघाल्या. आम्ही, चालक आणि मिस्त्रीही निघालो. जीप अंगणात चार लाकडी ठोकळ्यांवर, पोट उघडे टाकून उभी होती. एरवी ती पाड्याच्या खालच्या चढापर्यंत जाई. त्या रात्री बाईला बाजेवर घालून आठ माणसांनी आळीपाळीने खांदा देत डांबरी रस्त्यापर्यंत आणले. वाटेत उतार, सुटे दगड, नदीचे कोरडे पात्र. सिस्टर बाजेला लागून चालत होत्या आणि दर थोड्या वेळाने थांबायला सांगत होत्या. मिस्त्री पुढे टॉर्च धरून चालले होते. एका ठिकाणी बाज खाली ठेवली असताना चालक हळूच म्हणाला, “बोल्ट आवळले असते तर...” त्याचे वाक्य कोणी पुरे केले नाही. रस्त्यावर तासाभराने गवताच्या गासड्या नेणारा एक ट्रक मिळाला आणि त्याच्या केबिनमध्ये बाईला घेऊन सिस्टर गेल्या.

सोमवारी पहिल्या एस.टी.ने मिस्त्री बोईसरला गेले. त्यांनी चहाही घेतला नाही. दुपारी ते नवा बुश घेऊन परतले, त्याच्या थोडे आधी सिस्टरांचा निरोप आला होता. मुलगी झाली होती. आई अशक्त होती, पण दोघी सुखरूप होत्या. मिस्त्रींना आम्ही ते सांगितले. त्यांनी मान हलवली आणि फडके घेऊन भोक पुसायला लागले.

मिस्त्रींचा सल्ला योग्य होता, असे आज म्हणणे सोपे आहे, कारण माय-लेकी वाचल्या. तसे झाले नसते तर आम्ही काय म्हटले असते, हे आम्ही स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. जुलैच्या एखाद्या रात्री भरल्या नदीच्या काठी तो शाफ्ट जळून गाडी अडली असती तर, असेही विचारून पाहिले. तराजूच्या दोन पारड्यांत दोन रात्री टाकून पाहतो, पण एक रात्र घडलेली आणि एक न घडलेली. काटा काही स्थिर होत नाही. एवढे मात्र नक्की की, त्या शनिवारी मिस्त्रींना हे काहीच ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की, शाफ्ट बोटांना जड लागला.

दुसरा बुश बसल्यावर शाफ्ट बोटाच्या टिचकीने फिरला आणि बाजूला डुलला मात्र नाही. मिस्त्रींनी नाकाला ग्रीसचा पुसटसा हात लावला. जास्त नाही, कारण फाजील ग्रीस उडून क्लच प्लेटवर जाते आणि मग क्लच घसरतो. गिअरबॉक्स चढवताना त्यांनी आम्हां तिघांना त्याचे वजन शेवटपर्यंत हातांवर पेलायला लावले. तो क्षणभरही शाफ्टच्या आधारावर लोंबकळला तर प्लेट वाकते आणि बुशाचे तोंड बिघडते. बोल्ट त्यांनी बोटांनीच फिरवत नेले. दोन्ही तोंडे बोल्टांच्या जोराविना मिळाली, तेव्हा कुठे त्यांनी पान्हा हातात घेतला.

मग त्यांनी आम्हांला ऐकायला शिकवले. ते वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून देतो. गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल मोकळे, आणि घरघर येते आहे. पेडल दाबताच ती थांबते: तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. पेडलला नुसता पाय टेकवून किंचित दाबताच आवाज सुरू होतो: तर रिलीज बेअरिंग गेले. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकला, गाडी जागेवर उभी, आणि आता बारीक किंचाळी येते: तर ते पायलट. ते कडे शाफ्टला धरूनच बसले, तर पेडल दाबूनही शाफ्ट थांबत नाही, गिअर करकरतात आणि गाडी आपोआप पुढे सरकू पाहते. त्या संध्याकाळी मिस्त्रींनी पेडल पूर्ण दाबले, पहिला गिअर टाकला आणि आम्हांला बोनेटपाशी कान द्यायला सांगितले. इंजिनाच्या चार सिलिंडरांखेरीज काही ऐकू आले नाही.

पुढे आमची बदली झाली. त्या जीपची क्लच प्लेट २००५ साली बदलली, तेव्हा डहाणूच्या दुसऱ्या मिस्त्रीने गिअरबॉक्स खाली घेतला, बुश तपासला आणि आहे तोच राहू दिला, असे आमच्या जागी आलेल्या फादरांनी कळवले होते. जीप २०११ साली भंगारात गेली. बुश तिच्याबरोबरच गेला असणार. त्या पाड्यापर्यंत आता डांबरी सडक आहे, आणि २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. मध्यंतरी एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही तिकडे गेलो होतो. रुग्णवाहिका मिशनच्या फाटकाशी उभी होती, इंजिन चालू, चालकाचा पाय पेडलवर. आम्ही त्याला म्हटले, “बाबा, न्यूट्रल कर आणि पाय काढ.” त्याने आमच्याकडे नवलाने पाहिले, पण पाय काढला.